खालचा आवाज

ती टकटक? ती काठीची गं, माझ्या काठीची. यंत्र बिघडलेलं नाही, उगाच चापट्या मारू नकोस त्याला. ही बघ, अशी जमिनीवर टेकवली की आवाज येतो — टक, टक — आला ना? तेव्हा सभेच्या अंगणात मातीच होती, म्हणून जरा बसका येतोय. लिही, ओच्यामे काठी आपटतो. सवय असते गं, बोलणाऱ्या माणसाच्या हाताला चाळा लागतोच काहीतरी. तुमचे देब्रा सर नव्हते का खडू खेळवत? तसंच. चालव पुढे — थांब. थांब, थांब, मागे नको नेऊस. ऐकलं मी. माझ्या आवाजाच्या आधी कोणीतरी पुटपुटतंय, तेच ना? ते नाना. आत्ताचे राजे नाहीत, त्यांचे मामा, नाना ओपुनी. पण काय म्हणतायत ते काही लागत नाही. परवा कोंबडा मधेच आरवला आणि एक वाक्य बुडालं, तेव्हा तू वहीत काय लिहिलंस? कंसात 'ऐकू येत नाही', असंच ना? मग इथेही तेच लिही. कंस कर, ऐकू येत नाही, कंस पुरा. झालं. संपली ही टेपची पट्टी, संपलं तुझं काम, आता उद्याच्या गाडीने जा कुमासीला आणि झोप जरा, डोळे बघ कसे झालेत.

नाही गं, टाळत नाहीये. टाळतोय असं दिसतंय का? सोमवारपासून बसतेस तू इथे, अकरा पट्ट्या ऐकल्या आपण, एकदा तरी कंटाळलो? बारशाची ऐकली, जमिनीच्या भांडणाच्या तीन ऐकल्या, तो बोकडचोर आला तेव्हा तर हसून हसून तुझ्या डोक्याचं फडकं सुटलं. शब्द न शब्द सांगितला तुला. खोकला आला तर तू खोकला लिहिलास. मी म्हटलं, कोनादू, अगं खोकला कशाला? तर म्हणालीस, ओच्यामे, आहे ते जसंच्या तसं लिहायचं, हेच आमचं काम. मला गंमत वाटली. इंग्रजीत आपल्याकडे मलाही लिंग्विस्ट म्हणतात नि तुलाही, दोघंही बोलण्यावरच जगतो, आणि काम बघ — तू खोकलासुद्धा टाकत नाहीस, आणि मी सगळी हयात दुसऱ्याचं बोलणं पाखडून, निवडून, धुऊन लोकांपुढे ठेवलं. नानांनी मोठ्याने बोलायचं नाही, लोकांनी नानांशी थेट बोलायचं नाही, मधे मी, ओच्यामे. नाना नुसतं म्हणणार, त्याला सांग पुरे आता. आणि मी उभा राहून त्याचं असं काही करणार की ज्याला हाकललं तोही खूश होऊन जाईल. आणि चुकलं तर? चुकलं तर माझं. नाना चुकत नाहीत, चुकतो तो ओच्यामे. तुला आवडला ना तो नियम? दोनदा रेघ मारलीस त्याच्याखाली. मलाही आवडायचा. फार आवडायचा.

काय ते, कानात घालायचं? नको मला. नको म्हटलं ना. त्यात काय, जास्त स्पष्ट येतं? — येऊ दे. ठेव खाली. हो, मला ठाऊक आहे की तो आवाज ओळखणारा आता मी एकटाच उरलोय. नानांचे पुढचे चार दात नव्हते, त्यात ती दरबारी बोली, त्यात हळू — तुमच्या विद्यापीठातली सगळी यंत्रं एकावर एक रचलीत तरी तुम्हाला काही कळायचं नाही. म्हणून तर सांगतोय, लिही ऐकू येत नाही, कोण विचारतंय? देब्रा सरांनी तरी कुठे विचारलं? ते स्वतः बसले होते त्या दिवशी, हे तुझ्या मेजाएवढं यंत्र घेऊन, दोन चाकं गरगर फिरायची त्याची, आणि नेऊन ठेवलं कुठे तर नानांच्या आसनाच्या पायाशी, छत्रीच्या सावलीत, ऊन लागायला नको म्हणून. मी म्हटलं ठेवू दे, त्या डबड्याला माझा आवाज तेवढा ऐकू जाईल. पुस्तकात सरांनी छापलं तेही माझंच. खालचा आवाज त्यांनी सोडूनच दिला. सोडला ना? मग ते तुझे गुरू, तूही सोड.

आणि कसलं छापलं! पाठ आहे ना तुला? सगळ्यांना पाठ असतं. एकदा तुमच्याकडे बोलावलं होतं मला, बसायला पंख्याखालची खुर्ची, समोर ही एवढी पोरं, आणि एक मुलगी उठून माझंच वाक्य मला म्हणून दाखवते — 'आसियामा, ही वाट तुला बाहेर नेईल आणि परत आणणार नाही. जिवंत नाही, मेलेला नाही.' टाळ्या. सर म्हणाले, तोल बघा, विसावा बघा, ओच्यामेची वाणी कशी असते ते यावरून शिका. परीक्षेत येतं म्हणे यावर? अजून येतं? अरे देवा. तो भिंतीवरचा मानपत्राचा कागद त्याच दिवशीचा, काचेतला. मीच टांगला. खिळा मारताना बायको नुसती बघत उभी होती. बोलणाऱ्याची बायको होती ती, तिला न बोलता बोलायची कला चांगली अवगत होती.

बाहेर? बाहेर माणसं जमतायत, जमू देत, अजून आत्ताचे नाना, सिआव, जेवून उठायचेत. काळ्या-लाल कपड्यातल्या बायका बघितल्यास ना आंब्याखाली? त्यात ती उंच, केस पूर्ण उतरवलेली, ती सार्पोमा. सकाळपासून बसली आहे, पाणीसुद्धा घेत नाहीये. तिचा भाऊ गेला, गेल्या आठवड्यात, तिकडे ताकोराडीला. हो. तोच. तुझ्या पट्टीतला आसियामा, परीक्षेतला. तुम्हा पोरांना वाटत असेल वाक्यातली माणसं वाक्यातच राहतात. त्याला आणलंय कुमासीपर्यंत, हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलंय, शनिवारी पुरायचं ठरलंय, मंडप सांगितलाय, ढोलवाले सांगितलेत. पण पुरायचं कुठे? आपल्या आईच्या कुळाच्या जमिनीत, आणखी कुठे, माणूस परमुलखात आयुष्य काढतो ते शेवटी इथे येऊन पडायला मिळेल या आशेवरच ना? आणि कुळाचे म्हातारे म्हणतात, नाही. 'मेलेला नाही' असं गेलेल्या नानांनी म्हटलंय. जिवंत नानांचा शब्द फिरवता येतो, हातापाया पडता येतं, मेंढी देता येते. गेलेल्याचा शब्द कोण फिरवणार? नुसतं 'गाव सोड' एवढंच असतं तर आज काही अडलं नसतं, कळतंय का तुला? गाव सोडलं होतं त्याने, शिक्षा भोगून झाली होती. अडलंय ते त्या शेवटच्या तुकड्यावर. आणि तो तुकडा — तो तोलासाठी होता गं. 'जिवंत नाही' म्हटल्यावर वाक्य लंगडं पडत होतं. दुसरा पाय हवा होता त्याला.

अशी बघू नकोस माझ्याकडे. ओच्यामे भर घालतोच, ते काही पाप नाही, सजवायचा अधिकारच आहे आम्हाला. मूळ शिक्षा नानांची होती, मी फक्त — हो, नानांचीच. मग कोणाची? नाना नव्हते का समोर? मी बोललो, मी काठी आपटली, नानांनी मान हलवली, अख्ख्या गावाने बघितलं. पसंत नसतं तर हात वर केला नसता त्यांनी? आता त्यांना ऐकू येत न—

पाणी दे जरा. त्या मडक्यातलं.

गेलं आता तोंडातून. आज कसं गेलं बघ, इतकी वर्षं दात आवळून धरलेलं. बायकोला माहीत नव्हतं, नानांच्या राण्यांना माहीत नव्हतं. हो, ऐकू येत नव्हतं त्यांना. आधी उजवा कान गेला, मग डावा, तुमचे सर आले त्याच्या आधी सहा वर्षांपासून. तू शिकलेली आहेस, तुला वाटेल त्यात काय एवढं, म्हातारी माणसं बहिरी होतातच. इतर होतात. आसनावरचा होऊन चालत नाही. त्या आसनावर धडधाकट माणूसच बसतो, बोट तुटलेलं चालत नाही, डोळा गेलेला चालत नाही, कळलं की दुसऱ्या दिवशी पायातल्या चपला काढून घेऊन खाली उतरवतात. आणि ओपुनींसारखे नाना पुन्हा झाले नाहीत या गावाला, विहीर त्यांची, शाळा त्यांची. मग काय करायचं होतं मी? रीत तर माझ्या हाताशी होतीच — लोक मला सांगणार, मी नानांकडे तोंड करून तेच पुन्हा सांगणार. नाना माझे ओठ वाचायचे. म्हणून तर मी दाढी कधी वाढवली नाही. आणि पाठ फिरवून लोकांशी बोलायचो तेव्हा? तेव्हा काठी. जमिनीतून त्यांच्या पायाला कळायचं. एकदा टक म्हणजे हसा. दोनदा टक म्हणजे मान हलवा, हो म्हणा.

कळलं ना आता तुझी टकटक? पट्टीवर किती होत्या? — दोन. मला कशाला विचारतेस, तूच तर लिहिल्यास.

तर हे असं आहे. मी त्यांचे कान होतो. आणि ती लबाडी असेल तर असू दे, तिची मला आजही लाज वाटत नाही, सहा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता मी. माणूस विश्वासाने तुझ्या हातात मान देतो आणि तू काठीने ती हलवतोस — केवढी जोखीम होती, आणि मी ती नीट सांभाळली होती. त्या दिवसापर्यंत. आणि त्या दिवशी जे केलं तेही नानांसाठीच केलं, हे तुला सांगून ठेवतो, कारण आसियामाला संशय आला होता. हुशार पोरगा. शाळेत कवायत घ्यायचा, सव्वीस वर्षांचा असेल, छाती ही एवढी, मैदानावर 'सावधान' म्हणाला की नदीवर कपडे धुणाऱ्या बायकासुद्धा ताठ व्हायच्या. त्याने हेरलं होतं की नाना माझ्या तोंडाकडेच बघत बसतात. बाहेर बोलला असता तर? नानांचं आसन गेलं असतं. एकाला जाऊ दिलं आणि सगळ्या गावाला वाचवलं, असं म्हणता येईल की नाही? म्हणता येतं. मी म्हणत आलोय. रोज सकाळी तोंड धुताना म्हणत आलोय.

लिहू नकोस ते. तो कोणाला काही बोलला नव्हता. कधीच नाही. संशय आला होता हे मला कसं कळलं माहीत आहे? एका श्राद्धाच्या जेवणात मी भाषणात एका पूर्वजाचं नाव चुकलो, आणि तो मागून हळूच बरोबर नाव म्हणाला. हळूच म्हणजे त्याच्या हिशेबाने हळू — सगळ्यांना ऐकू गेलं, आणि लोक हसले. आणि नानाही हसले. मी काठी आपटली नव्हती, आणि नाना हसले. मी चमकून बघितलं. नंतर आसियामा माझ्याकडे आला, म्हणाला, वडील, माफ करा, तोंडातून निघून गेलं; आणि मग म्हणाला, तुम्ही नानांची फार काळजी घेता, मी बघतो. एवढंच. आदराने म्हणाला होता गं. आज मला ते सरळ ऐकू येतं, आदरच होता. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, तेव्हा मला त्यात धमकी ऐकू आली.

मग तो बाजारातला प्रकार झाला. सार्पोमा मक्याची केंकी विकायची, तिच्या टोपल्या कोणा एका मवाल्याने लाथेने उडवल्या, हा धावून गेला, आणि रागाच्या भरात नानांची थोर शपथ उच्चारून बसला. ती शपथ उच्चारायची नसते, तुला सांगायला नको. तिच्यात गावाच्या जुन्या दुःखाचं नाव आहे, ते तोंडावर आणलं की माणूस थेट सभेपुढे. पण त्याची शिक्षा ठरलेली असते, सगळ्यांना माहीत असते — एक मेंढी, दारूची एक बाटली, आणि अंगावरचं कापड कमरेपर्यंत उतरवून, चपला काढून अनवाणी उभं राहायचं, चुकलो म्हणायचं. तो तसाच उभा होता. उघडा, अनवाणी, जमीन तापलेली, पाय एकसारखा खालीवर करत होता, आणि माझ्याकडे बघून जरासा हसला पण, म्हणजे वडील, सांभाळून घ्या. मी त्याचं सगळं म्हणणं नानांना सांगितलं. खरं सांगितलं, ते तरी खरं सांगितलं. मग नाना बोलले. तो तुझा खालचा आवाज. मग मी वळलो.

वळलो, आणि बोललो. तू ऐकलंस काय बोललो ते. शिक्षा ऐकून बायकांनी तोंडावर हात घेतला, सार्पोमा मटकन खाली बसली, आणि तरीही — लाज वाटते सांगायला — माझ्या मनात काय आलं माहीत आहे? वाक्य जमलं. हेच आलं. तुमच्या सरांची मान डोलताना दिसली मला. मग मी दोनदा काठी आपटली. आणि नानांनी मान हलवली, प्रसन्न चेहऱ्याने, कारण त्यांच्या मते त्यांनी एका पोराला माफ केलं होतं. आसियामा माझ्याकडे बघतच नव्हता. तो नानांकडे बघत होता. नाना त्याच्याकडे बघून हसत होते. तो काय समजून गेला असेल गं इथून? की ज्या माणसाने आपल्याला हाकललं तो हसत होता.

चूक होती म्हणतेस? चांगली आहेस. जीभ घसरली म्हणू शकतो मी, नियम आहेच, ओच्यामे चुकतो. जीभ घसरते ती एका शब्दावर, संध्याकाळपर्यंत सावरता येते. मला तर वर्षं मिळाली होती. नानांनी विचारलं ना मला! आठ दिवसांनी विचारलं, तो पोरगा आला नाही अजून? मी ओठ नीट हलवून सांगितलं, नाना, त्याला आबिदजानला नोकरी लागली, तो नको म्हणाला. नको म्हणाला? हो नाना, हसला, नको म्हणाला. मग त्यांनी दोन-तीनदा विचारलं, मग नाही विचारलं. त्या दिवसापासून ते सभेत बोलायचेसुद्धा कमी झाले. सात वर्षांनी गेले. मी उशाशी होतो. शेवटी माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मी नीट बोललोच नाही, तोंडच उघडवेना.

काय नको म्हणाला, हेच विचारतेस ना? हं. तुझ्यासारखीने ते धरणारच. खोकला न टाकणारी पोरगी तू.

आलो रे, आलो! — निरोप्या होता. नाना सिआव बसले म्हणे आसनावर. मला काय विचारणार आहेत ते कालच सांगून गेलेत ते, सरळ माणूस आहे, कुमासीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आडपडदा नाही. म्हणाले, ओच्यामे, म्हातारे अडून बसलेत, मी सगळ्यांसमोर एकच विचारीन, माझ्या मामांनी त्या दिवशी खरंच तसं म्हटलं होतं का? तुमच्याशिवाय त्यांच्या जवळ कोणी नव्हतं. तुम्ही जे सांगाल ते शेवटचं. मी म्हटलं, आठवून सांगतो. आठवून! अगं, सोमवारी तू पट्ट्यांची पेटी उघडलीस ना, तेव्हाच मला या पट्टीवर लिहिलेलं वर्ष दिसलं होतं. चार दिवस मी तुला बोकडचोर सांगत होतो आणि मनात मोजत होतो, आता पाच उरल्या, आता तीन. बोलायला गेलो तर दोन्हीकडून फास — माझी लबाडी सांगितली की नानांचा बहिरेपणा उघडा पडतो, म्हातारे विचारणारच, मग त्यांनी मान कशी हलवली? मेलेल्याच्या नावाला बट्टा. आणि गप्प बसलो तर तो तिकडे बर्फात. बघ कसं छान जुळतंय, नाही? मला प्रत्येक वेळी नानांची अब्रू अशी वेळेवर आठवते. त्यांना स्वतःला विचारलं असतं ना, तर म्हणाले असते, माझ्या कानांचं काय घेऊन बसलास, त्या पोराला घरी आण.

दे ते कानातलं. दे म्हणतो ना, लाव तूच. — हं. चालव.

पुन्हा.

पुरे. काढ. लिही आता. खोडलंस ते ऐकू येत नाही? खोड आधी. लिही, नाना ओपुनी म्हणतात — एक मेंढी घे आणि सोड त्याला. तरुण आहे, बहिणीसाठी भांडला. — मग इथे खोकला आहे, लिही खोकला. — ओतेंग, दुसरी काठी रिकामी आहे, ती याला दे. तुझ्या हाताखाली घे, शिकव. ओतेंग म्हणजे मी, ते लिहायची गरज नाही. मग जरा थांबलेत ते. मग म्हणतात — लिहितेस ना? — म्हणतात, सहा वर्षांत मला कोणाचा आवाज ऐकू आला नाही, तुझासुद्धा नाही. हा बोलतो ते मला ऐकू येतं.

बस. एवढंच आहे. एवढ्यासाठी.

तुझासुद्धा नाही, म्हणाले. खरंच तर होतं. रागाने नव्हते म्हणाले, आनंदाने म्हणाले, बहिऱ्या माणसाला एक आवाज सापडला होता, तो मला सांगत होता, सगळ्यात आधी मला. आणि मी वळलो आणि तो आवाज गावाबाहेर घालवला. पुढची सात वर्षं तो माणूस त्या शांततेत बसला, माझ्या ओठांकडे बघत.

रडू नकोस, वही भिजेल. ऐक. यंत्र उचल आणि पुढे हो. सार्पोमा बसली आहे तिथून चार पावलांवर ठेव, तिला आधी ऐकू गेलं पाहिजे. ती पट्टी लाव, आणि मग तुझ्या वहीतलं वाच मोठ्याने, जसंच्या तसं. म्हातारे ओरडतील, वाच. नानांच्या कानांचं विचारतील, ते मी सांगेन, टकटक काय होती तेही मी सांगेन. मधे काही सजवू नकोस. तुझ्या आवाजात मला सांभाळून घेऊ नकोस, तुला माझी माया आलीये, दिसतंय मला, ती बाहेर ठेव. म्हणी तर एकही नको. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं दुसरं कोणी बोलणार आहे, ते तेवढंच बोललं जाऊ दे.

काठी? राहू दे कोपऱ्यात. तिच्या मुठीवर कोरलेल्या कोळी-किड्याच्या एका पायावरचा सोन्याचा वर्ख निघालाय, पुढच्या माणसाला सांग लावून घ्यायला. तो कागदही उतरव भिंतीवरून, नाही, आत्ता नको, वेळ नाही, मग उतरव. जा. चल, जा ना, थांबलीस काय — मी येतो मागून, हे कापड तेवढं खांद्यावरून सोडतो. जमत नाही एका हाताने. झालं.

चपला विसरलो नाही, पोरी. राहू देत इथेच.